वहिनीच्या मागे नऊ मोटारसायकली

“तू त्या गाडीला हात लावू नकोस!”

हरिश्चंद्ररावांचा आवाज असा कडाडला, की मीरा रोडच्या त्या सोसायटीच्या गेटपाशी नव्याकोऱ्या मोटारसायकलीभोवती जमलेली सगळी मंडळी एकदम मागे सरकली. कुंकवाची वाटी घेऊन पुढे आलेली उर्मिला जागच्या जागी थिजली... धाकटा दीर निहार, ज्याला तिनं तो शाळेत असल्यापासून पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याच्या पहिल्या कमाईची ही गाडी! तिच्यावर एक स्वस्तिक काढावं, एवढीच तर तिची इच्छा होती.

“बाबा, वहिनीनं नाही तर कोणी पूजा करायची?” निहार चिडून म्हणाला.

“कोणीही करा. जिच्या घाईपायी माझा सुभाष रस्त्यावर गेला, तिचं कुंकू या गाडीला नको.”

उर्मिलेनं वाटी शेजारच्या मंदाकाकूंच्या हातात दिली आणि ती मुकाट्यानं जिना चढू लागली. सासऱ्यांचे हे शब्द तिला नवे नव्हते. २००१ साली तिचा नवरा सुभाष नाशिकपलीकडच्या माळावर भरणाऱ्या मोटारसायकल शर्यतींच्या मेळ्याला गेला आणि परतताना घोडबंदरच्या वळणावर ट्रकखाली सापडला. त्याला सहा वर्षं होत आली होती. ‘अंधार पडायच्या आत या, असं मीच त्यांना बजावलं होतं,’ असं तेव्हा तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्याची शिक्षा ती त्या घरात, त्याच माणसांची सेवा करत भोगत होती. भावानं दुसऱ्या लग्नाचं सुचवलं तेव्हा ‘निहारला कोण बघेल?’ म्हणून तिनं नकार दिला. काशीमिऱ्याच्या एका गोदामात नोकरी धरली, ट्रकांच्या गर्दीतून कामावर जाण्यासाठी स्कूटर शिकली, सासऱ्यांच्या औषधांची वेळ कधी चुकू दिली नाही... आणि सासरे मात्र तिच्याशी भिंतीकडे बघून बोलत!

त्याच संध्याकाळी निहार उत्साहानं फुलून आला.

“वहिनी, पुढच्या शनिवारी आम्ही नऊ गाड्या मेळ्याला चाललोय. दादा जायचा ना, त्याच! काशीमिऱ्यावरून सुटायचं ते थेट नाशिक. उत्तम म्हणतोय, शेवटी पोचेल त्यानं सगळ्यांना जेवण द्यायचं.”

उर्मिलेच्या हातातलं लाटणं थांबलं. “म्हणजे रस्त्यावरच शर्यत लावणार तुम्ही?”

“अगं, थोडी मजा!”

“आणि हेल्मेट?”

“घाटात गरम होतं गं ते. आणि नशिबात असेल ते होतंच. दादा एवढा सांभाळून चालवायचा, तरी त्या ट्रकवाल्यानं...”

पुढचं तिला ऐकू आलंच नाही. तोच चेहरा, तीच ऐट, तेच निष्काळजी हसू... जे खोटं तिनं काळजावर दगड ठेवून जपलं होतं, तेच आता या पोराला त्याच वळणावर घेऊन चाललं होतं! बाहेरच्या खोलीत हरिश्चंद्रराव वर्तमानपत्र वाचत बसले होते. तिनं गॅस बंद केला, निहारचा हात धरला आणि त्याला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं.

“बाबा, आज मला बोलू द्या. नंतर हवं तर घराबाहेर काढा.” मग ती दिराकडे वळली. “निहार, तुझा दादा सांभाळून चालवत नव्हता. त्याचा उत्तनचा मित्र स्टीवन आणि तो, दोघांनी ठाण्यापासून पैज लावली होती. वळणावर गाडी पुढे काढायला म्हणून हे समोरच्या ट्रकवर गेले. ट्रकवाल्याची काही चूक नव्हती. आणि... मी त्यांना लवकर या, असं कधी म्हटलंच नव्हतं!”

“मग तू तेव्हा तसं का सांगितलंस?” निहारनं विचारलं.

“बाबा दवाखान्यात कपाळ बडवून घेत होते. ‘मीच त्याला गाडी घेऊन दिली, मीच मारलं त्याला,’ म्हणत होते. आधीच त्यांचं हृदय अधू! मला वाटलं, दोष कुणावर तरी जायचाच असेल, तर माझ्यावर जाऊ दे. मी तरुण आहे, मला सोसेल...”

हरिश्चंद्रराव उठले. आता ते ओरडतील, हात उगारतील, असं उर्मिलेला वाटलं. पण ते स्टुलावर चढले, माळ्यावरच्या गाठोड्यात हात घालून त्यांनी सुभाषचं धुळीनं माखलेलं हेल्मेट काढलं आणि निहारसमोर ठेवलं.

“त्या दिवशी हे घरातच राहिलं होतं,” ते कसेबसे म्हणाले. “मीच लपवलं. मला... मला ठाऊक होतं, चूक त्याचीच होती.”

एवढंच बोलून, उर्मिलेकडे न बघता, ते आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

निहारच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. “मी नाही जात, वहिनी. गाडीच विकून टाकतो.”

“का विकायची? हौसेनं घेतलीस ना?” उर्मिलेनं डोळे पुसले, आणि इतक्या वर्षांत कधी न आलेलं एक बळ तिच्या अंगात संचारलं. “जायचं! पण शर्यत बघायला जायचं, शर्यत करत नाही. आणि मी येणार. सगळ्यांत पुढे माझी स्कूटर.”

दुसऱ्या दिवशी निहार उत्तनला गेला. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या स्टीवननं सगळं ऐकून हातातली टोपली खाली ठेवली. “वहिनी खरं बोलली,” तो म्हणाला. “मला सांगायचं होतं रे, पण तिनंच हात जोडून गप्प केलं. त्या दिवसापासून मी गाडीला हात लावला न्हाय. पण वहिनी जात असंल, तर सगळ्यात मागं मी हाय.”

शनिवारी पहाटे काशीमिऱ्याच्या नाक्यावर पोरं जमली तेव्हा उत्तमचं तोंड एवढंसं झालं होतं. “स्कूटरच्या मागून जायचं? लोक हसतील, वहिनी!”

“हसू देत की. ज्याला हेल्मेट नाही, त्यानं इथूनच घरी जायचं. कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. चहाला मी थांबेन तिथं सगळे थांबतील.”

आणि निघाली ती वरात! पुढे पंजाबी ड्रेसवर जाकीट चढवलेली उर्मिला, तिच्यामागे अंतर राखून नऊ मोटारसायकली आणि शेवटी भावाची गाडी मागून आणलेला स्टीवन. घोडबंदरचं ते वळण आलं तेव्हा तिचे डोळे भरून आले... पण तिनं वेग कमी केला, बाजू धरली आणि ते वळण पार केलं. आरशात तिला एकामागून एक नऊ दिवे वळून येताना दिसले, आणि तिनं मोठा श्वास सोडला.

रात्री नाशिकला तिची बहीण ममता हिच्याकडे पिठलं-भाकरी खाऊन सगळे गाढ झोपले. रविवारी सकाळी मेळा! मातीचे उंच ढीग, त्यांवरून हवेत उसळणाऱ्या गाड्या, टाळ्या, शिट्ट्या, धुरळा... उर्मिलाही भान हरपून ओरडत होती. उत्तम मात्र शर्यतीला निघालेल्या एका स्वाराकडे टक लावून बघत राहिला. छातीला कवच, गुडघ्याला पट्टे, मानेला आधार.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “इथं समोरून ट्रक येत नाही, तरी हे लोक एवढं बांधून घेतात. आणि आम्ही हायवेवर शर्टाची बटणं उघडी टाकून...”

दुपारी मेळा संपला आणि सारी गर्दी अंगात वारं शिरल्यासारखी रस्त्यावर सुटली. कसाऱ्याच्या घाटात दोन गाड्यांवरची चार पोरं हॉर्न वाजवत बाजूला आली. “काय रे, आईचं बोट धरून आलात का?” एकजण खिदळला. निहारचं रक्त उसळलं, मूठ पिळली, गाडी गुरगुरली... समोर स्कूटर शांतपणे चालली होती. वहिनीनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. तिचा विश्वासच होता तेवढा! निहारची मूठ सैल झाली. ती पोरं सुसाट पुढे गेली.

दोन वळणं ओलांडली आणि उर्मिलेनं हात वर केला. बंद पडलेल्या ट्रकच्या मागे त्या दोन्ही गाड्या आडव्या पडल्या होत्या. तिघं खरचटून, कण्हत बसले होते. चौथ्याचा पाय वाकडा झाला होता आणि कपाळातून रक्त वाहत होतं. नऊच्या नऊ गाड्या अंतर राखून येत होत्या, म्हणून एकही त्या ढिगाऱ्यावर आदळली नाही! स्टीवननं वर धावत जाऊन शर्ट हलवत येणारी वाहनं अडवली. उर्मिलेनं ओढणी घडी करून त्या मुलाच्या कपाळावर दाबून धरली. हाच तो मघाशी खिदळणारा.

“काकू, मला सोडून जाऊ नका...”

“नाही रे बाळा, मी आहे,” ती म्हणाली. सहा वर्षांपूर्वी आपल्या सुभाषजवळ त्या रस्त्यावर कुणी बसलं असेल का, या विचारानं तिच्या काळजाचं पाणी झालं.

निहारनं एक जीप थांबवली आणि मुलांना शहापूरच्या दवाखान्यात पोचवलं. “पाय मोडलाय, पण जीव वाचला. वेळेवर आणलंत,” असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत कुणी तिथून हललं नाही. मधेच निहारनं घरी फोन लावला, पण “बाबा, इथं अपघात...” एवढं बोलेपर्यंत तो तुटला आणि पुन्हा काही लागेना.

हरिश्चंद्ररावांच्या कानांत तोच शब्द घुमत राहिला. ते तसेच, पायातल्या घरच्या चपलांनी, रिक्षात बसले आणि काशीमिऱ्याच्या नाक्यावर येऊन उभे राहिले. दिवे लागायची वेळ. ट्रकमागून ट्रक, बसमागून बस... प्रत्येक दिव्याबरोबर म्हाताऱ्याचा जीव वरखाली होत होता.

आणि मग गर्दीतून एक स्कूटर आली. तिच्यामागे एक, दोन, तीन... नऊ! शेवटी स्टीवन!

उर्मिला उतरली. तिच्या जाकिटावर रक्ताचे डाग होते. हरिश्चंद्ररावांनी आधी तिचाच चेहरा दोन्ही हातांत धरला. निहारकडे त्यांनी नंतर पाहिलं.

“पोरी... तुला लागलंय?”

“माझं नाही, बाबा. एका परक्या मुलाचं आहे. वाचला तो.”

“एक मुलगा गेला तो माझ्या लाडापायी गेला, आणि मी त्याचं पाप तुझ्या माथी मारलं! मला सत्य पेलवत नव्हतं गं... ते तू पेललंस! आणि आज माझा दुसरा मुलगा तू मला परत आणून दिलास...” त्यांचा बांध फुटला. भर नाक्यावर, हॉर्नच्या कोलाहलात, तो करारी माणूस लहान मुलासारखा रडू लागला, आणि उर्मिला त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या वर्षांचं साचलेलं सारं दुःख रिकामं करू लागली.

थोड्या वेळानं उपरण्यानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, “बरं, शर्यत कोण जिंकलं?”

“वहिनी!” नऊच्या नऊ पोरं एकदम ओरडली, आणि उत्तमनं तर नाका दणाणून सोडेल अशी शिट्टी मारली.

उर्मिला रडता रडता खळखळून हसली. हरिश्चंद्रराव परत रिक्षात बसले, रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ताठ मानेनं म्हणाले, “आराम से चलाना, भैया. पीछे मेरी बेटी आ रही है.”