वाकड्या तलवारीचं कोडं

"एवढ्याशा धक्क्याने तलवार वाकते? इम्पॉसिबल, यार!" नील म्हणाला.

"पण पेटी माझ्याच हातून पडली ना!" कुशचा चेहरा रडवेला झाला होता.

डब्लिनमधल्या समर कॅम्पसाठी म्यूझियमने ही पेटी उसनी दिली होती. व्हायकिंगांच्या थडग्यांत सापडलेल्या शस्त्रांच्या आणि अवजारांच्या हुबेहूब प्रतिकृती! गाडीतून उतरवताना ती पडली. कॅम्प चालवणाऱ्या गिरीश काकांनी घाईघाईने तलवार उचलली, तर ती मधोमध वाकलेली! झालं! उद्या प्रदर्शनात माहिती कुश सांगणार होता, काकांनी त्याचं नावच कॅन्सल केलं. काका रिटायर्ड इंजिनियर, त्यामुळे तलवार घेऊन थेट गराजमध्ये गेले.

आरोही मात्र पेटीत डोकं खुपसून बसली होती. लोहाराचा हातोडा सरळ, सांडशीही सरळ. पण भाल्याचं पातं?

"धिस इज बेंट टू! आणि पेटीतला हा फोम बघा! तलवारीची खाच वाकडीच कापलीय!"

"म्हणजे तलवार आधीपासूनच..." कुश ताडकन उठला. "धावा! काका ती सरळ करतायत!"

तिघं गराजमध्ये पोचले तेव्हा पातं टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलेलं होतं आणि काकांनी हातोडा उगारला होता.

"काका, स्टॉप!"

"अरे, दोन ठोक्यांचं काम आहे! म्यूझियमला कळणारसुद्धा नाही!"

आरोहीने फोम पुढे धरला. काकांनी कुरकुरत पातं सोडवून खाचेत ठेवलं. अगदी फिट्ट बसलं! काकांनी हातोडा बाजूला ठेवला.

"पण वाकडी तलवार बनवेल कोण?" त्यांनी विचारलं.

नीलने म्यूझियमला फोन लावून स्पीकर ऑन केला. पलीकडे म्यूझियममधल्या नीना मावशी होत्या, पेटी त्यांनीच भरली होती. मुलांनी त्यांना सगळा प्रकार सांगितला.

"काही थडग्यांत शस्त्रं मुद्दाम वाकवून ठेवलेली सापडतात," त्या म्हणाल्या. "मालक गेला, आता ती दुसऱ्या कुणी वापरू नयेत म्हणून असेल. नक्की कुणालाच माहीत नाही! पण फोमवरून ओळखलंत? ब्रिलियंट! आणि गिरीश, तू सरळ करायला निघाला होतास?"

काका ओशाळले. फोन ठेवून ते कुशसमोर गुडघ्यावर बसले.

"कुश, सॉरी. पेटीत नीट न बघताच मी तुला दोष दिला. चूक माझी होती. उद्या माहिती तूच सांगायचीस."

"आणि काका, तुम्ही?"

"मी पहिल्या रांगेत बसणार," काका हसले, "आणि हात खिशात ठेवणार!"