तिच्या जागेवर बसलेला

फोन आला तेव्हा ती एका आजोबांची नजर तपासत होती. आजोबांची हनुवटी यंत्रावर टेकलेली, समोरच्या भिंतीवर अक्षरांच्या ओळी, आणि ती भिंगं बदलत विचारत होती, "हे बरं... की हे?"

एप्रनच्या खिशात फोन थरथरला. अनोळखी नंबर. एरवी तिने उचलला नसता. पण आज आई, बाबा आणि आत्या परक्या गावच्या विमानतळावर उतरणार होते, आणि सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

"हॅलो... माफ करा, तुम्ही मला ओळखत नाही," पलीकडून एक पुरुषी आवाज आला. खालच्या पट्टीतला, जरासा दमलेला. "तुमचे बाबा माझ्यासमोर उभे आहेत. त्यांनी माझी बाही धरलीये, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय ते मला सोडतील असं वाटत नाही."

मागून बाबांचा आवाज आला, "तिला सांगा, माझी बॅटरी मेलीये, आणि आईचा फोन बॅगेत तळाशी गेलाय!"

खरं तर ही सहल चौघांची होती. पण दुकानात नजर तपासणाऱ्या दोघीच, त्यातल्या एकीला बाळंतपणासाठी ठरल्यापेक्षा लवकर जावं लागलं, आणि हिची रजा गेली. सहलच रद्द करू म्हणून बाबा हटून बसले होते. तेव्हा तिनेच सांगितलं होतं, "तुम्ही फक्त विमानातून उतरा. पुढच्या सगळ्या गाड्या मी इथे बसून मागवीन."

"गाडी आलीये," आता तिने ॲप उघडून सांगितलं. "पांढरी आहे."

"इथे सगळ्याच पांढऱ्या आहेत हो."

"मोठी आहे. आत्याच्या बॅगांसाठी मुद्दाम मोठी मागवली."

"आत्या म्हणजे... ती पिवळी टोपी?"

"असेल. ती काहीही घालते."

तो हसला. तिने नंबर वाचून दाखवला, तो पुटपुटत गाड्यांमधून हिंडला, गाडी सापडली. दारं उघडल्याचे, बॅगा आदळल्याचे आवाज आले. मग आत्याचा आवाज – तो फोनची गरज नसलेला – "अहो, तुम्हालाही समुद्राकडेच जायचंय ना? मग मावशींना काय उन्हात उभं करताय? चढा! गाडी मोठी आहे, आमची एक जागा तर रिकामीच आहे."

त्याच्याबरोबर त्याची मावशी होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. त्याने मागवलेली गाडी ऐन वेळी नाही म्हणाली होती.

"ऐकलंत ना?" त्याने विचारलं. "बसू का मी? जागा तुमची आहे म्हणे."

"बसा. पण खिडकीची आहे, जपून वापरा."

"कोण होतं?" आजोबांनी यंत्रावरून हनुवटी न उचलता विचारलं.

"कोण जाणे," ती म्हणाली, आणि भलतंच भिंग बसवलं.

योगायोग पुढे असा की दोघांची राहण्याची ठिकाणं एकाच रस्त्यावर निघाली. आत्या आणि मावशी यांचं तर असं गूळपीठ जमलं की दुसऱ्या दिवसापासून पाचही जण एकत्रच फिरायला लागले. आणि रोज सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की फोन यायचा.

"आज दीपगृह. पाच माणसं, एक टोपी."

ती गाडी मागवायची. मग काउंटरखाली फोन ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याला चष्म्याच्या फ्रेमा दाखवता दाखवता, पडद्यावरची ती चिमुकली गाडी बघायची. वळण आलं की गाडी वळायची. समुद्राच्या कडेने जायची. तिच्या जागेवर बसून तो सांगायचा, "आता डावीकडे पाणी आलं. हिरवं आहे. नाही... थांबा, निळं झालं." आवाज इतका जवळ यायचा, की ती नकळत फोन दुसऱ्या कानाला लावायची.

तो पोहायला शिकवतो, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. तिला पोहता येत नाही, हे त्याला चौथ्या.

"एक विचारू?" ती एकदा म्हणाली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आरशांच्या ओळीत सगळीकडे तीच दिसत होती. "तुमच्या फोनमध्ये हे ॲप आहे ना?"

"आहे."

"मग तुम्हाला गाडी मागवता येत नाही?"

"येते की."

"मग रोज मला फोन का?"

मागचे सगळ्यांचे आवाज लांब गेले; तो बाजूला सरकला असावा. मग तो म्हणाला, "तुमच्याइतकी चांगली... नाही येत."

तिने समोरच्या आरशात पाहिलं आणि पटकन मान फिरवली.

आई रोज फोटो पाठवायची. आई दीपगृहापाशी, बाबा होडीत, आत्या आणि मावशी दगडावर राण्यांसारख्या बसलेल्या. एकाही फोटोत तो नव्हता, कारण फोटो काढणारा तोच. एकात मात्र वाळूवर त्याची सावली पडली होती – लांबलचक, कोपरं बाहेर काढून उभी. रिकाम्या घरात, ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवताना तिने ती सावली मोठी करून पाहिली. मोठी केल्यावर नुसती काळी झाली. तरी ती बघत राहिली.

"बाबा मला तुमचा फोटो दाखवत होते," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "मी नको म्हटलं."

तिला लागलं. "का? इतकी काही मी..."

"तुम्ही मला पाहिलेलं नाही. मग मी आधी बघणं... बरोबर नाही वाटलं."

त्या दिवशी तिने एका बाईला चष्म्याची डबी दिली, आणि चष्मा काउंटरवरच राहिला.

परतीच्या सकाळी विमानतळाची गाडी तिनेच मागवली. दोन्ही घरांची विमानं तासाभराच्या अंतराने, दोन वेगळ्या दिशांना. गाडीत सगळे जागे, सगळ्यांचे कान टवकारलेले. त्यामुळे तो नुसता म्हणाला, "आज पाणी दिसत नाहीये. धुकं आहे."

"हो का."

"आलंच विमानतळ." मग, अगदी हळू, "उद्यापासून तुम्हाला फोन करायला मला कारण उरणार नाही."

कारण कशाला हवं – एवढंच म्हणायचं होतं. पण दुकानात झाडलोट करणाऱ्या बाई होत्या, आणि ती म्हणाली, "सुखरूप जा."

पडद्यावरची गाडी थांबली. प्रवास कसा झाला, असं ॲपने विचारलं. तिने फोन पालथा घातला.

घरच्यांना घ्यायला ती विमानतळावर गेली. परत येताना आत्या तिच्या शेजारी बसली आणि सुटलीच. "मुलगा म्हणजे सोनं आहे हो! पण उपयोग नाही. मी आडून आडून विचारलं मावशीला, लग्नाचं काय म्हणून. तर म्हणते कशी, ठरल्यातच जमा आहे!"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. दिवे, पूल, पुन्हा दिवे. आई मागच्या सीटवरून तिच्याकडे बघत होती, हे तिला कळलंच नाही.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. रोज शटर वर गेलं की हात मात्र खिशाकडे जायचा. फोन थरथरला की ती घाईने उचलायची – आणि पलीकडे कुणीतरी बाई स्वस्तात कर्ज हवंय का म्हणून विचारत असायची. ती गिऱ्हाइकांशी हसून बोलायची, घरी विनोद करायची. पण ओल्या कपड्यांचं ओझं अंगावर घेऊन चालल्यासारखं वाटायचं तिला.

काही महिन्यांनी दुकानातली दुसरी मुलगी बाळंतपणाहून परत आली, आणि हिची राहिलेली रजा पुन्हा पदरात पडली. त्या संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"घे की रजा. कुठे जाशील?"

"कुठे जाणार? झोपेन."

"निघताना तो मला म्हणाला होता," आईने घडीवरून हात फिरवला. "म्हणाला, 'त्यांना सांगा...' आणि पुढे बोललाच नाही. मी वाट बघितली. नुसता बॅगेचा पट्टा ओढत उभा."

"आई, त्याचं लग्न ठरलंय."

"ठरल्यातच जमा म्हणजे ठरलेलं नव्हे. आणि तुझी आत्या अर्धंच ऐकते, मोठ्याने बोलणाऱ्यांचं तसंच असतं." आईने घडी तिच्या हातात दिली. "विचारून तरी ये. नाही म्हणाला तर झोपायला घर आहेच."

त्याच्या गावी ती दुपारी उतरली. बाहेर आली, गाडी मागवली – आयुष्यात पहिल्यांदा फक्त स्वतःसाठी. चालकाने आरशातून विचारलं, "फिरायला आलात?" ती हो म्हणाली. त्या खिडकीतून तिला गाव असं दिसलंच नाही.

मावशींनी सहलीत आत्याला सांगितलेला तो पोहण्याचा तलाव एका शाळेच्या मागे होता. जाळीचं दार ढकलून ती आत गेली आणि दचकली. कुणीतरी गर्जत होतं, "पाय मारा! गुडघे नाही, पाय! अरे, पाणी पितोस काय, तहान लागलीये का?"

हा आवाज... त्याचा? फोनमध्ये कुजबुजणारा हाच?

कमरेभर पाण्यात एकजण उभा होता. सावळा, कपाळाला चिकटलेले केस, कान जरा बाहेर आलेले. तिने मनात रंगवलेल्या कुणासारखाही नाही. भोवती टोप्या घातलेली पोरं पाणी उडवत होती.

"ताई, पालकांनी त्या बाजूला बसायचं!" तो तिच्याकडे बघून ओरडला.

"मी पालक नाहीये," ती म्हणाली. "खिडकीची जागा नीट वापरलीत ना... ते बघायला आले होते."

तो थबकला. पोरं उड्या मारत होती, तो मात्र पाण्यात खांबासारखा. मग चालत काठाशी आला. वर चढायचंही त्याला सुचलं नाही. दोन्ही हात काठावर ठेवून तो नुसता वर बघत राहिला.

"तुम्ही... इथे..."

"एकच विचारायचंय. तुमचं लग्न ठरलंय का?"

"माझं? कुणी सांगितलं?"

"मावशी आत्याला म्हणाल्या, ठरल्यातच जमा आहे."

तो लाल झाला. कानांपासून सुरुवात झाली आणि खाली मानेपर्यंत पोचली. "ते... तिने तुमच्याबद्दल म्हटलं होतं. सहलभर ती मला रोज फोन करताना बघत होती ना. मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, त्यांना विचारलंय का कुणी? मग तुम्ही 'सुखरूप जा' म्हणालात... मला वाटलं, तेच उत्तर."

"ते उत्तर नव्हतं."

"मग?"

"मला दुसरं काहीच बोलता आलं नाही," ती म्हणाली, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं डोळ्यांत आलं. "रोज वाट बघितली मी. रोज."

त्याचा ओला हात काठावरून सरकत तिच्या चपलेपाशी आला आणि थांबला. मागे एक पोरगी ओरडली, "सर, मी बुडतेय!" उथळ बाजूला ती पोरगी चक्क उभी होती आणि पाणी तिच्या कमरेपर्यंत होतं.

"अजून अर्धा तास आहे वर्ग," तो अगदी हळू म्हणाला. "थांबशील ना?"

म्हणून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय म्हणालो ते. जीभ चावून तो 'थांबाल' म्हणायला गेला, पण तोवर तिने चपला काढून ठेवल्या होत्या. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून ती काठावर बसली, पाय पाण्यात सोडले. पाणी थंडगार होतं.

"तू जा," ती म्हणाली. "ती बुडतेय."