नागुबाईचं किट

आईशपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मागं वाघाची सांगितली होती तसली ही नाही. म्हणजे, थोडं मी पदरचं घातलंय. कुठलं ते शेवटी विचारा. आदर्श, तू लॅबचा कोर्स करतोयस म्हणून काढली.

भावकू माझ्या वर्गातला. बेळगुंदीकडं एका दवाखान्यात रक्त तपासायचा. २०२३ ची सर्वपित्री अमावस्या, शनिवार, रात्रीचे पावणेआठ. घरोघर डेंग्यू. एका शेतातल्या घरून फोन आला, "आमच्यात ताप हाय, या की लौकर." पिशवीत एकच किट उरलेलं. ते घेऊन गाडीवर निघाला.

लाईट गेलेली. सोप्यात एक म्हातारी बसलेली, पुढ्यात वाढलेलं पान.

"तुमास्नी ताप आलाय व्हय, आक्का?"

तिनं बोट पुढं केलं.

बोट गार होतं. तापात बोट गार कसं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. दिवसभर बोटं टोचून डोकं बधिर झालेलं. टोचलं. थेंब किटवर सोडला.

"नाव?"

"नागुबाई."

पेनानं किटवर लिहिलं. सात अठ्ठावन्न.

किटवर दोन रेघा असतात. पहिली किट चांगलं असल्याची. ती कुणाच्याही रक्ताला येते. दुसरी आली तर डेंग्यू.

पाच मिनिटं. काही नाही.

दहा...

पंधरा. पहिलीसुद्धा नाही.

आतून घरची सून तानीबाई मोबाईलची बॅटरी धरून आली. "आलासा? मग हितं का बसलाय? पोरगी आत हाय."

"आणि ह्या...?"

"कोण?"

सोप्यात नुसतं पान होतं.

"त्ये व्हय? सासूचं पान. दुपारी कावळा शिवला न्हाय, म्हणून आत आणून ठेवलं. गेल्या साली तापानंच गेली. तपासतो, तपासतो म्हणत कोण आलंच न्हाय."

"नाव काय त्यांचं?"

"नागुबाई."

भावकू आत गेला. सात वर्षांची पूर्णिमा. तीन दिवसांचा ताप. डोळे उघडे, पण बघत नव्हती. आणि किट संपलेलं.

"मग वो, अण्णा?" आदर्शनं विचारलं.

"मग काय. तपासणी ऱ्हाऊ दे म्हणाला. पोरीला गाडीवर घातली, रातोरात बेळगाव. वाचली."

मी खिशातनं भावकूनं दिलेलं ते किट काढून आदर्शच्या हातावर ठेवलं. पेनातलं नाव फिकट झालंय. पहिली रेघ अजून आलेली नाही. दुसरी आहे. लाल.

त्यानं उलटंपालटं करून बघितलं. "पहिलीशिवाय दुसरी? तुमी रंगवलंय हे, अण्णा."

"न्हाय रं."

"मग पदरचं कुठलं?"

मी किट परत खिशात घातलं.

"रातोरात नेली आणि वाचली, ते. भावकू म्हणालता, सकाळी नवं किट आणतो, मग बघू. सकाळी सातला किट घेऊन गेला."

"मग?"

"फोडावं लागलं न्हाय."