ढमालीची डावी बाजू

"भिंगरे, पुठ्ठा हलला तर दार वाकडं होईल. आणि मग तुझी आत्या मला सरळ करेल," पत्रेकाका म्हणाले.

भिंगरीने श्वाससुद्धा रोखून धरला. काकांनी गाडीच्या दाराचा खालचा गंजलेला भाग ग्राइंडरने कापून काढला होता आणि त्या भगदाडावर तिने धरलेल्या पुठ्ठ्यावर ते पेन्सिलीने कडा उमटवत होते. त्या पुठ्ठ्याच्या मापाने नवा पत्रा कापायचा, हातोडीने ठोकून त्याला दारासारखी गोलाई द्यायची आणि मग वेल्डिंगचे टाके घालत बसवायचा. शर्टाला ठिगळ लावतात तसंच, फक्त इथे सुईच्या जागी ठिणग्या.

गाडी आत्याची होती. जुनी पिकअप, नाव ढमाली, कारण सुरू होताना ती आधी 'ढम' करायची आणि मग विचार करून पुढे जायची. आत्या तिच्यातून घरोघरी, दुकानोदुकानी पिण्याच्या पाण्याचे जार पोचवायची. ढमालीचं इंजिन खणखणीत होतं, पण दारांचा खालचा भाग आणि मागच्या हौद्याच्या दोन्ही बाजू गंजून त्यांची पार चाळण झाली होती. गुंड्याला एकदा दाराच्या भोकातून रस्ता दिसला होता आणि ही सोय बुजवू नये असं त्याचं म्हणणं होतं.

गुंड्या म्हणजे भिंगरीचा धाकटा भाऊ. त्यांच्याबरोबर आत्याकडे सुट्टीला आलेला तिसरा म्हणजे पंत, त्यांचा चुलतभाऊ. तो भिंगरीहून जेमतेम वर्षाने मोठा, पण बोलायला लागला की निवृत्त झाल्यासारखा वाटायचा.

"काका, नुसती पुट्टी भरून वरून रंग मारला तर?" पंताने विचारलं.

"तर तू म्हणशील वा काका, आणि पुढच्या वर्षी सगळं गळून पडेल. आतून सडलेलं झाकायचं नसतं, कापायचं असतं. धर ते टोक."

पंताने आणि भिंगरीने कोऱ्या पत्र्याची दोन टोकं धरली. त्या एकाच लांबलचक पत्र्यातून काकांनी डावी बाजूही कापली आणि उजवीही. पत्रे बसले, जोड घासून सपाट झाले, वर रंगाखालचा राखाडी प्रायमर चढला. रंग तेवढा राहिला.

"दोन-चार दिवस गाडी राहू दे इथे. रंग देऊनच ने," काका आत्याला म्हणाले.

"आणि लोकांनी तोवर काय प्यायचं? तुझं बोलणं?" आत्या म्हणाली. "रंगाला परत आणीन, दादा."

पत्रेकाका आत्याचे लहानपणापासूनचे शेजारी. एकमेकांशी धड न बोलणं हीच दोघांची बोलायची पद्धत होती, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. आत्या ढमाली घेऊन घरी आली.

काही दिवसांनी सकाळी गुंड्या अंगणातून धावत आत आला.

"आत्या, ढमालीला गोवर आलाय."

सगळे बाहेर धावले. ढमालीच्या डाव्या बाजूवर, राखाडी प्रायमरमधून तांबूस ठिपके वर आले होते. दाराच्या जोडावरून तर तपकिरी ओघळ खाली उतरला होता. आत्याने चावी घेतली आणि तिघं चढून बसताच गाडी थेट पत्रेकाकांच्या दारात नेऊन उभी केली.

"दादा, भंगारातला पत्रा मारलास का रे माझ्या गाडीला?"

काकांनी ओघळावरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला. "पत्रा कोरा होता. तूच पाण्याचे जार सांडत नेतेस, त्याला मी काय करू?"

"मी पाणी आज वाहायला लागले का? घरचा माणूस म्हणून डोळे मिटून गाडी दिली, हीच चूक झाली."

काकांनी हातातली हातोडी हळूच खाली ठेवली. ती त्यांनी आपटली असती तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं.

"मग दुसरीकडे ने," ते म्हणाले आणि पाठ फिरवून आत गेले.

आत्याने घरी येऊन भांडी अशी घासली, जणू त्यांनीच काही केलं होतं. भिंगरीने तो पत्रा स्वतःच्या हातांनी धरला होता. आरशासारखा चकचकीत होता तो.

"काका खोटं बोलत नाहीत," ती मागच्या पायरीवर बसून म्हणाली.

"आत्याही खोटं बोलत नाही. गंज आलाय हे खरंच आहे," पंत म्हणाला. "नुसतं 'काका चांगले आहेत' म्हणून चालणार नाही. काहीतरी दाखवावं लागेल."

भिंगरी उठली. ढमालीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. उजव्या बाजूपाशी ती थबकली.

"पंत, इकडे ये. इथे एक ठिपका दाखव."

पंताने चष्मा पुसून पाहिलं. उजवी बाजू स्वच्छ राखाडी होती.

"दोन्ही बाजू एकाच पत्र्यातल्या. पत्रा खराब असता तर दोन्ही गंजल्या असत्या," भिंगरी म्हणाली. "आणि जारचं पाणी सांडलं तरी ते काय फक्त डावीकडे सांडतं?"

"पाण्याला डावं-उजवं कळत नाही," गुंड्याने निकाल दिला आणि एक सणसणीत शिंक दिली. मग दुसरी. "इथे शाळेच्या संडासात फरशी घासतात तसला वास येतो."

भिंगरीने वळून पाहिलं. आत्या गाडी नेहमी डावी बाजू भिंतीला चिकटवून लावायची. भिंत शेजारच्या फरशीवाल्यांच्या गोदामाची होती. आणि त्या भिंतीत, बरोबर ढमालीच्या दारासमोर, एक जाळीचा झरोका होता. जाळीची तार मूळची पांढरी असावी. आता ती चॉकलेटी होऊन तुटत आली होती.

"वास तिथूनच येतोय," पंत म्हणाला. "पण वासाने लोखंड गंजतं का?"

"ते लोखंडालाच विचारू," भिंगरी म्हणाली.

तिने आत्याच्या डब्यातले मूठभर खिळे काढले. तिघांनी पॉलिशपेपरने ते चकाचक घासले आणि दोऱ्यांना बांधले. काही झरोक्याजवळ टांगले, काही भिंतीच्या लांबच्या टोकाला, काही अंगणाच्या पलीकडच्या बाजूला. एक गुंड्याने खिशात ठेवला. 'हा माझा' एवढंच कारण होतं.

दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आत तिघं अंगणात होते. पलीकडचे खिळे जसेच्या तसे चमकत होते. भिंतीच्या टोकाचे थोडे मळकटले होते. आणि झरोक्याजवळचे गुळासारखे तपकिरी झाले होते, बोट लावलं तर रंग बोटाला यायचा.

"आता फरशीवाल्या काकांना जाब विचारू," गुंड्या बाह्या सरसावत म्हणाला.

"ते म्हणतील, खिळेच खराब होते," पंत म्हणाला. "मोठ्या माणसाला चूक दाखवली की तो आधी दार लावून घेतो."

भिंगरी विचारात पडली. फरशीवाल्यांच्या शटरला नवंकोरं कुलूप होतं आणि शेजारच्या खुंटीवर गंजलेल्या जुन्या कुलपांचा घोसच लटकत होता. तिला हसू आलं.

"मग दार त्यांनाच उघडू दे," ती म्हणाली.

फरशीवाले आत्याचे गिऱ्हाईक होते. आत्या जार द्यायला निघाली तशी तिघंही मदतीला म्हणून बरोबर गेली. आत्याने जार टेबलावर चढवला आणि भिंगरीने साळसूद चेहऱ्याने विचारलं, "काका, तुमची एवढी कुलपं कशी हो गंजली?"

फरशीवाले जणू हे कुणी विचारायचीच वाट पाहत होते. "अगं, तो कुलूपवाला महालबाड. कुलूप लावावं की आठवड्यात जाम. माझा जुना दोस्त तो, पण परवा तोंडावर सांगितलं, परत दुकानाची पायरी चढू नकोस म्हणून."

आत्या जारचं झाकण पुसत होती. तिचा हात थांबला.

"आतली कुलपंपण गंजतात?" भिंगरीने विचारलं.

"कुलपं कसली, कड्या, बिजागऱ्या, माझी मोजपट्टीसुद्धा. ये, दाखवतो."

त्यांनी गोदामाचं दार सर्रकन उघडलं. आतून असा झणका आला की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. गुंड्या पुढे धावणार तोच पंताने त्याची कॉलर पकडली.

"कुणी आत जायचं नाही. काका, ते कॅन कसले?"

झरोक्याखाली फरशी साफ करायच्या अ‍ॅसिडचे कॅन ओळीने उभे होते. एकाचं झाकण फुटलं होतं. दुसऱ्याला झाकणच नव्हतं, त्याच्या तोंडावर फरशीचा तुकडा ठेवलेला होता.

"या महिन्यात माल आला," फरशीवाले खोकत म्हणाले. "झाकणं काय, राहतात इकडेतिकडे. थोडा वास येतो, दुसरं काय होतंय?"

भिंगरीने खिशातून दोन खिळे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले, चमकणारा आणि तपकिरी. "हा आमच्या अंगणातल्या पलीकडच्या बाजूचा. हा तुमच्या झरोक्यापाशी एक रात्र राहिलेला. अ‍ॅसिडची वाफ जाळीतून थेट ढमालीवर जाते. आणि तुमच्या कुलपांवर."

फरशीवाल्यांनी खिळ्यांकडे पाहिलं, मग कुलपांच्या घोसाकडे. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"म्हणजे कुलूपवाला..."

"त्याचा काही दोष नाही," आत्या म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि तो फक्त त्या झणक्याने नव्हता. "शेठ, आमची पोरं या भिंतीशेजारी खेळतात, झोपतात. कॅन आजच्या आज हलवा. आणि दुपारी दोस्ताकडे जाऊन या. मलाही एका ठिकाणी जायचंय."

पत्रेकाका स्टुलावर बसून एक पत्रा उन्हात तिरका करून करून पाहत होते. आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, मी चुकले," ती म्हणाली. "पत्रा खोटा नव्हता. मीच तुला खोटं ठरवलं."

काका तिचं ऐकत होते, पण बघत होते हातातल्या पत्र्याकडे. "कालपासून मलाच वाटायला लागलं होतं गं, की दुकानदाराने मला फसवलं आणि मला कळलं नाही. इतकी वर्षं हात लावून पत्रा ओळखतोय, म्हणून फार लागलं."

मग भिंगरीने सगळं सांगितलं, मध्ये मध्ये पंताने सुधारणा केल्या आणि गुंड्याने आपल्या खिशातला खिळा पुरावा म्हणून सादर केला. त्यावर फक्त गोळीचा चिकटा होता.

दुपारभर काम चाललं. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने काकांनी डावी बाजू धुतली, म्हणजे उरलंसुरलं अ‍ॅसिड मरेल. मग चौघांनी पॉलिशपेपर घेऊन गंज घासला. पंत मोजूनमापून घासत होता, गुंड्याचं अर्धं घासणं स्वतःच्या चड्डीवर होत होतं आणि आत्या प्रत्येक ठिपक्याशी वैर असल्यासारखी घासत होती. खालचा पत्रा पुन्हा चांदीसारखा उघडा पडला. ताजा प्रायमर वाळल्यावर काकांनी रंगाची बंदूक भरली.

"दादा, निळा जरा फिका वाटतोय," आत्या म्हणाली.

"गाडीत बसल्यावर तुला बाहेरचा रंग दिसतो का? मग गप बस," काका म्हणाले, आणि भिंगरीला हायसं वाटलं. दोघं पुन्हा नीट भांडायला लागले होते.

काकांनी तिघांच्या नाकांवर मास्क चढवले आणि बंदूक भिंगरीच्या हातात दिली.

"काका, मी?"

"तू माझ्या बाजूने बोललीस म्हणून देत नाहीये. माया काय, कुत्र्यालाही असते. तू दोन्ही बाजू पाहिल्यास, खिळे टांगलेस, आणि ते सांगतील ते ऐकायची तयारी ठेवलीस. अशा माणसाच्या हातात मी माझं काम देतो. हात एका जागी थांबवू नकोस, नाहीतर ओघळ येईल."

"एका जागी थांबणं तिला जमतच नाही," आत्या म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

भिंगरीने चाप ओढला. राखाडी दारावरून निळा पट्टा सरळ, एकसारखा पुढे सरकत गेला.