आईच्या शेजारची जागा

यातलं एक अक्षरही मी वाढवून लिहिलेलं नाही. उलट थोडं गाळलंय. बायको म्हणाली, तेवढं लिहू नका.

आणि एक आधीच सांगतो. ही रात्रीची गोष्ट नाही.

अठरा मे २०२४. शनिवार. दुपारचे चार वाजले होते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या कडेला. ऊन असं, की गाडीच्या पत्र्याला हात लाववत नव्हता.

माझं नाव समाधान. गाव बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. दिवसभर तांब्याची तार गुंडाळणारा माणूस मी. करंट आला तर आला, नाही आला तर का नाही आला ते शोधायचं. एवढंच मला कळतं.

आमच्या घरात भुताखेताचं कुणी मानत नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हाच देवघरातले टाक आणि गंडे-दोरे नदीत सोडले. देवऋषी, उतारा, लिंबू-मिरची... हे शब्दसुद्धा आमच्याकडे निघत नाहीत.

म्हणूनच जे झालं, ते कुणाला सांगायचं हेच आम्हाला कळेना.

आई माझी, चिमाबाई. वय चौऱ्याहत्तर. त्याच्या दोन वर्षं आधी गोठ्यात पाय घसरून पडली. मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती आडवीच. आधार दिला तरी दोन मिनिटांच्या वर बसवत नाही. दवाखाना सोडून तिनं घराबाहेरचं काही पाहिलं नव्हतं.

एकदा ती म्हणाली, "समाधान, मला एकदा नागपूरला ने रं. दीक्षाभूमी बघायची राहिली."

बसून जाणं शक्य नाही. मग झोपून जाता येईल अशी गाडी पाहिजे.

प्रतीक्षा, माझी बायको, मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागली. लोक गाडीत ओटा, बेड, बेसिन करून देशभर हिंडतात, ते व्हिडिओ. चार महिने आम्ही दोघं रोज रात्री जेवण झाल्यावर वहीत चित्रं काढत होतो. बेड कुठं, गॅस कुठं, पाण्याची टाकी कुठं. शेवटी एका टुरिस्टवाल्याकडून जुनी सतरा सीटची गाडी घेतली. सीटा काढल्या. चाकणच्या एका बॉडीवाल्याकडून आतलं सुतारकाम करून घेतलं. वायरिंग मी स्वतः केलं. टपावर सोलर, खाली दोन बॅटऱ्या, तीन पंखे. डाव्या खिडकीला लागून आईचा बेड, चांगला रुंद. समोर बाकडं, त्यावर आमची मुलगी स्वप्ना झोपणार. ती तेव्हा नऊ वर्षांची.

गावात सगळे तिला घरगाडी म्हणायला लागले.

आईला पहिल्यांदा आत झोपवलं, तेव्हा तिनं खिडकीची काच स्वतः सरकवली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली. म्हणाली, "लई जागा हाय रं. चारजण आनखी बसतील."

नागपूरला ऑक्टोबरात जायचं ठरलं. त्याआधी एक दिवस चाचणी म्हणून डिंभे.

सकाळी सातला निघालो. नारायणगाव, मंचर, घोडेगाव. आई खूश होती. घोडेगावला तिनं पडल्या पडल्या भजी खाल्ली.

डिंभ्याच्या पुढे, धरणाच्या कडेनं रस्ता वर जातो. तिकडं एसटी कधी येते, कधी येत नाही. लोक सावलीला वाट बघत बसलेले असतात.

अकराच्या सुमारास एका वळणावर आई म्हणाली, "थांबव रं गाडी. म्हातारी उभी हाय उन्हात."

मी थांबवली.

रस्ता मोकळा होता.

पुढं कुणी नाही. मागं कुणी नाही. सावलीला झाडसुद्धा नव्हतं.

"कुठं गं आई?"

ती खिडकीकडे सरकत होती. दोन्ही हात गादीवर टेकून, दात आवळून... बेडच्या कडेला जागा करत होती.

"बस बाई," ती म्हणाली. "बस निवांत. एसटी कवा यायची तुला."

प्रतीक्षानं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्यांनी कधीकधी भास होतात. गाडी पुढं घेतली.

पण गाडी जड झाली होती.

चढ नव्हता. तरी मला दुसऱ्या गिअरवर यावं लागलं.

थोड्या वेळानं आई स्वप्नाला म्हणाली, "पोरी, दोन गिलास पाणी आण."

स्वप्नानं दोन ग्लास भरून दिले. नंतर ती पुढं माझ्या सीटमागे येऊन उभी राहिली. कानाशी येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, आजीनं एकच प्यायलं..."

"मग?"

"दोन्ही रिकामे झाले."

साडेबाराला पाण्याकाठी पोचलो. मे महिना, पाणी लांब आत गेलेलं. वाळलेल्या गाळाचं मैदान पडलं होतं. मी सपाट जागा बघितली. गाडीचं तोंड रस्त्याकडे, पाठ पाण्याकडे. पाणी चाळीस-पन्नास पावलं मागं. मध्ये धरणात बुडालेल्या जुन्या गावच्या शेताचा गुडघाभर उंच बांध. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले. किल्ली खिशात.

हे सगळं मी केलं होतं. पुन्हा सांगतो, केलं होतं.

प्रतीक्षानं पिठलं-भाकरी केली. आईनं दोन घास खाल्ले आणि डोळे मिटले. बेडच्या कडेची गादी मात्र दबलेली होती. कुणीतरी बसल्यावर दबते तशी. मी हात फिरवून ती सारखी केली.

हाताला गार लागलं.

आम्ही तिघं बाजूच्या बाभळीखाली आंबे खात बसलो. गाडी समोर दिसत होती. आईच्या खिडकीतला पंखा फिरताना दिसत होता.

चार वाजता पाखरं गप्प झाली.

वारा पडला. पाण्याचा कडेला होणारा आवाजही थांबला.

मग खरखर ऐकू आली... गाळावरून टायर फिरल्यासारखी.

मी वर पाहिलं. गाडी मागं चालली होती.

इंजिन बंद. किल्ली माझ्या खिशात. आणि गाडी माणसाच्या चालीनं, सावकाश, पाण्याकडे निघाली होती.

मी धावलो. बाजूचा दरवाजा ओढला. उघडेना. त्याचं लॉक मीच बसवलं होतं, आतून लावायला खटकाच नाही त्याला. पुढचा दरवाजा ओढला, किल्ली घातली. किल्ली फिरत होती, दार हलत नव्हतं. मागचं दारही तसंच.

खिडकीतून आत बघितलं.

आई बसली होती.

आधाराशिवाय. मांडी घालून. दोन वर्षांत जी दोन मिनिटं बसली नाही, ती ताठ बसून बोलत होती. हातवारे करत होती. हसत होती. शेजारी बघून मान डोलवत होती. तिचे ओठ हलत होते, पण काच चार बोटं उघडी असून मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

"आई," मी ओरडलो. काच बडवली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

मी मागं जाऊन पाठ लावली. पाय गाळात रुतवले. मला घासत घासत ती मागं नेत होती. प्रतीक्षा दगड आणून चाकाखाली टाकत होती. चाक दगडावर चढायचं आणि उतरायचं. गुडघाभर उंचीचा बांध... तोसुद्धा ती चढली. स्वप्ना बाभळीखाली उभी राहून रडत होती.

तेवढ्यात पाण्याकडून एक माणूस आला. भागू नाव त्याचं, नंतर चौकशी केल्यावर कळलं. तिथं मासे धरतो. खांद्यावर जाळं होतं. मला वाटलं, आता दोघं मिळून अडवू.

त्यानं माझा दंड धरला आणि मला बाजूला ओढलं.

"ढकलू नका, पावणं."

"माझी आई आहे आत."

"हाय ना. म्हनूनच सांगतो. जाऊ द्या. सोडून यील."

"कुणाला सोडून?"

तो पाण्याकडे बघत राहिला. "मागं एका पिकअपवाल्यानं दोर लावून वढून धरली व्हती. लई जोर लावला त्यानं."

"मग?"

भागूनं पाण्याकडे नुसतं बोट केलं.

मी त्याचा हात झटकायला पाहिजे होता. मी झटकला नाही. मी माझ्या आईला पाण्यात जाताना बघत उभा राहिलो. त्या वेळी दुसरं काय करायला पाहिजे होतं, हे मी आजही रोज शोधतो. सापडत नाही.

मागची चाकं पाण्यात गेली. मग पायरी. पुढची चाकं. पाणी दाराच्या खालच्या पट्टीला लागलं.

गाडी थांबली.

मागचं दार आपोआप उघडलं. हळूच, आतून कुणी जपून ढकलावं तसं. पाण्यावर एक रेघ उठली. सरळ आत, खोल पाण्याकडे जात राहिली.

आणि लांबून, पाण्याच्या मधोमध... कुणीतरी हाक मारली. बाईमाणसाच्या नावानं. नाव मला नीट कळलं नाही. प्रतीक्षाला कळलं, पण ते ती सांगत नाही.

मग पाखरं पुन्हा बोलायला लागली.

मी पाण्यातून आत चढलो. आई आडवी पडलेली होती, नेहमीसारखी. अंगावर चादर. पायाखालची फळी कोरडी होती, पण आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

"उतरली बाई," ती म्हणाली. "माणसं घ्यायला आलती तिची. तू कुठं व्हतास रं इतका येळ?"

"आई, गाडी पाण्यात गेलीय."

"गेली आसंल," ती म्हणाली. "दारापातूर सोडायला पायजे ना."

किल्ली फिरवली. गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली आणि चिखलातून अशी वर आली, जणू डांबरावरच उभी होती. मागं वळून पाहिलं तर भागू निघून गेला होता. त्यानं आम्हाला गावही विचारलं नाही.

घरी आल्यावर मी ब्रेक खोलले. लायनर, केबल, सगळं ठीक. लॉक खोललं. ठीक. आईला डॉक्टरांकडे नेलं. ती मांडी घालून बसली होती म्हटल्यावर डॉक्टर हसले. एक्सरे दाखवला. म्हणाले, या मणक्यानं ते होणारच नाही.

प्रतीक्षाच्या माहेरचे म्हणाले, कुणालातरी दाखवून घ्या. मी नाही म्हणालो. ज्या घरानं गंडे-दोरे सोडले, त्या घरात मी ते परत आणणार नाही. पण त्याऐवजी काय करायचं, तेही मला सांगता आलं नाही.

नागपूर राहिलंच. ऑक्टोबरात आईची तब्येत उतरली. आता दर पंधरा दिवसांनी मंचरच्या दवाखान्यात न्यावं लागतं.

पहिल्यांदा मंचरला निघालो, तेव्हा नारायणगावच्या अलीकडे आई म्हणाली, "थांबव रं."

मी थांबवली नाही. दात आवळून ॲक्सिलेटर दाबला.

शंभर पावलांवर इंजिन बंद पडलं. डिझेल होतं, बॅटरी होती, सगळं होतं. मी बॉनेट उघडून उभा राहिलो. मागून आईचा आवाज आला, "ये बाबा, चल हळूहळू. हाय आमी."

थोड्या वेळानं गाडीचा टप किंचित खाली बसला. मग ती सुरू झाली.

तो माणूस कुठं उतरला, मला माहीत नाही. मंचरला पोचेपर्यंत आई कुणाशीतरी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होती.

आता प्रत्येक खेपेला हे होतं. कधी एक. कधी दोन. परवा बेडवर आई पार खिडकीला चिकटून झोपली होती, अंग चोरून. स्वप्ना आता गाडीत पाय ठेवत नाही.

मी एकदा आईला विचारलंच. "आई, ही माणसं तुझ्याकडंच का येतात?"

ती सहज म्हणाली, "त्या डिंभ्याच्या बाईनं सांगितलंय की समद्यांना. गाडी चांगली हाय, आन् म्हातारी न्हाई म्हनत न्हाई."

गाडी विकावी म्हटलं, तर आईला न्यायचं कशातून? गेल्या महिन्यात मी ॲम्ब्युलन्स बोलावली. आईला स्ट्रेचरवर घालून तिच्या दाराशी आणलं. आईनं पडल्या पडल्या आत बघितलं, आणि दाराची चौकट धरली ती सोडेना.

"चल ना गं आई, उशीर होतोय."

ती माझ्यावर चिडली. माझ्या लहानपणी चिडायची तशी.

"ह्यात बाकीचे कुठं बसतील?"

ॲम्ब्युलन्स परत पाठवली.

येत्या गुरुवारी पुन्हा मंचर आहे. घरगाडी धुऊन अंगणात उभी केलीय. आत्ता दुपारचे तीन वाजलेत, आई घरात झोपलीय, प्रतीक्षा शेतात आहे आणि स्वप्ना शाळेत.

मी घराच्या खिडकीत बसून हे लिहितोय.

गाडीचा टप आत्ताच थोडा खाली बसला.