काथवटीला वॉर्निश

८० नंबर

पीठ मळायच्या जुन्या काथवटीला दोन कान. एक माझ्या हातात, दुसरा त्याच्या.

शिरढोणला एक घर पाडत होते. सामान भंगाराच्या टेम्पोत चढत होतं.

"मी आधी पाहिली."

"मी आधी धरली," तो म्हणाला. "तुम्ही काय करणार हिचं?"

"८० नंबरच्या सँडपेपरने घासणार. पॉलिश करणार. सोडा!"

सोडली की त्याने! मी काथवटीसकट मातीत. तो हसला नाही — नुसते डोळे बारीक केले.

१२० नंबर

जुनं लाकूड घासणं हा माझा नाद. नवीन पनवेलच्या आमच्या बंगल्याच्या गच्चीवर पाट, पोळपाट, मांडण्या... पप्पा वैतागतात. "जमिनी इकून नवीन घर बांधला, नि ही भाविका भंगार आनते!"

आठवड्याने गच्चीवरच्या कपाटाला पॉलिश करायला कारागीर आला. तोच. रूपेश, डोंगराकडच्या आदिवासी वाडीतला.

काथवट बघून त्याने कपाळाला हात लावला.

"वॉर्निश मारलंत?"

"चमकतेय की."

"भाकरीबरोबर वॉर्निश खाणार?"

मी काथवट पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी त्याने मेणाचा गोळा आणला. मधाच्या पोळ्याचं मेण, त्याच्या आईने गाळलेलं. "तेलात वितळवून चोळा. आधी ती चमक उतरवा."

२२० नंबर

उतरवली. चार दिवस, दोघांनी. त्याच्या पापण्यांवर लाकडाची पिवळी धूळ. मी बघायचे. त्याने बघितलं, की पेपर जोरात घासायचे.

"दाबू नका. रेषेरेषेनं चला."

"शिकवू नकोस."

"बरं."

...

"शिकव ना."

चहा मात्र आई त्याला बाहेरच्या जिन्यातच द्यायची. वेगळ्या कपात. पाचव्या दिवशी मी तो कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

"अहो, उष्टा आहे तो!"

"माहितीये."

त्याने रिकामा कप माझ्या हातातून घेतला. मग — "रविवारी बघायला येणार ना तुम्हाला?"

"हो. हितेश. उलव्याला टॉवर बांधतो. पप्पांनी होकार ठरवूनच टाकलाय."

"आणि तुम्ही?"

"मला कुणी विचारलंच नाही."

४०० नंबर

रविवार. हितेशची मंडळी सोफ्यावर. पप्पा रंगात. "पोरीला लाकडाचा नाद हाय. लगीन झाला की जाईल."

सगळे हसले.

बाहेर जिना उतरून रूपेश दारापाशी थांबला होता. काम संपलं होतं. खांद्यावर पिशवी.

"नाही जाणार," मी म्हटलं. "नाद नाही, आणि तोही नाही."

"त्यो कोन?"

मी दाराकडे बोट केलं.

हितेशच्या आईने कप खाली ठेवला. आवाज झाला.

"भाविका, तुम्ही काय..." रूपेशचा चेहरा उतरला.

"तू म्हण."

"तू... तू तरी मला विचारलंस का?"

अगदी बरोबर. कान तापले माझे.

"नाही विचारलं. चुकले. आत्ता विचारते, सगळ्यांसमोर. मला तू हवा आहेस. तुला?"

पप्पा उठले. "वाडीतला पोर? माझ्या घरान?"

"तुमच्या घरात चालत नसेल, तर दुसऱ्या घरात, पप्पा. पण याच्याचबरोबर."

पंखा गरगरत होता.

रूपेशने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आला — सरळ पप्पांसमोर.

"हो," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, त्यांच्या डोळ्यांत बघून. "मलाही."