सातवीचा फकीर

कंदील बारीक करा रं, रॉकेल फुकट येत न्हाई. आन बहिरू, तू दाराकडं पाठ करून बसू नगं. का ते इचारू नगं, इकडं सरक.

आपल्या राजुरीतला चांदभाई बांगडीवाला माझा जोडीदार. त्याच्या तोंडून ऐकल्यालं सांगतो, पदरचं एक अक्षर न्हाई.

सत्तावन साल. श्रावन, आन मोहरमची सातवी. त्या दिशी चांदभाई नारायणगावच्या बाजाराला गेला, फकिरांसाठी खाऊ आनायला. फकीर म्हंजी खरं न्हवं, नवसाची पोरं. हिरवा सदरा, गळ्यात लाल नाडा आन झोळी. हिंदूंची बी आसत्यात, आळीतल्या कुशाबाची दोन पोरं व्हतीच त्यात. दिवेलागनीनंतर दारोदार फिरत्यात, आन झोळीत ज्यानं त्यानं खाऊ घालायचा. आळीतली रीत अशी, का झोळी गळ्यात आसंस्तवर पोरानं कुनाचा उंबरा वलांडायचा न्हाई, सोताच्या घरचा सुदीक. झोळीत पडलं का वळायचं. न्हाई पडलं तर हालायचं न्हाई.

निघताना त्याची बायकू झुबेदाभाभी म्हनली, "खारीक आना, खोबरं आना, फुटानं आना. रेवडी तेवडी नगं."

चांदभाईनं मान हालवली. कारन त्याला ठावं व्हतं. आदल्या मोहरमला त्यांचा सलीम फकीर झाल्ता. सा वर्सांचा, वरचं पुढचं दोन दात पडल्यालं. रेवडीचा लई नादी. निम्मी तोडायचा आन उरल्याली आईच्या हातावर ठिवायचा, तशीच चिकट. सातवीला त्याला ताप भरला, अंगावर देवी निघाल्या. नववीला पोर गेलं. ताबूत पान्यात थंड व्हायचं व्हतं अजून, नाडा-झोळी काढून फकिरी उतरायची ती ऱ्हाऊनच गेली.

बाजारात चांदभाईनं खोबरं चावून बघितलं. खवट लागलं, दुसरं घेतलं. खारकांतली एक फोडून बघितली, किडकी नगं म्हनून. पोरांच्या तोंडात वंगाळ काय जाऊ नये, आसा मानूस. आन पिशवी उचलताना दुकानदारानं रेवड्यांचा डबा उघडला. रुपयाएवढाल्या, तिळाच्या. चांदभाईनं मूठभर पुडीत बांधून घेतल्या. कुनासाठी, ते त्याचं त्यालाच कळंना. पुडी खिशात घातली आन घरी काय बोलला न्हाई.

रातच्याला पोरं आली, गलका करून गेली. भाभीनं समद्यांच्या झोळीत घातलं, एकाच्याबी तोंडाकडं बघितलं न्हाई. मग पाऊस लागला. आळी निजली. भाभी दार लावाया गेली आन तिथंच थांबली.

दारात एक पोर उभं व्हतं. एकटंच. मान खाली, झोळी पुढं धरल्याली.

"कुनाचं रं तू, बाळा?"

तिनं खारीक पुढं केली. पोरानं झोळी मिटली. खोबरं... मिटली. फुटानं... मिटली.

चांदभाई आतनं आला. हिरवा सदरा दिसला. खांद्यावर ठिगळ व्हतं, वाकडं. बापानंच लावल्यालं.

त्याचा हात खिशाकडं गेला. भाभीनं बघितलं.

"हायेत तुमच्याकडं," ती म्हनली.

"हायेत."

"देऊ नगा. दिली का जाईल."

पाऊस वाढला. पोर कुडकुडत व्हतं. भाभी उंबऱ्याशी बसली. "आत ये रं राजा. ये ना." पोरानं उंबऱ्याकडं बघितलं. हाललं न्हाई. चांदभाईनं धरून आत घ्यावं म्हनून हात लांबवला... हाताला गार पानीच लागलं तेवढं.

द्यावी, तर जानार. न द्यावी, तर उपाशी, भिजत, रातभर. बापानं काय करावं, सांगा मला.

"अम्मा..." पोर म्हनलं. "भूक."

मग भाभीनं मागं न बघता हात केला.

"द्या."

त्यानं एकच रेवडी दिली. दुसरी देववंना. तिनं ती झोळीवर धरली. धरूनच ऱ्हायली...

मग सोडली.

आख्खी रेवडी झोळीत पडली. चांदभाईनं डोळ्यांनी बघितलं. पोर वळलं. आळीच्या तोंडाशी दिसलं... मग न्हाई.

दोघं उजाडस्तवर उंबऱ्याशी बसून ऱ्हायली. भाभीची मूठ मिटल्याली व्हती, कवापास्नं ते तिलाच ठावं न्हाई. चांदभाईनं एकेक बोट सोडवलं.

हातावर निम्मी रेवडी व्हती, चिकटल्याली. तोडल्याल्या कडंवर दातांच्या खुणा व्हत्या. मदी दोन दातांची जागा मोकळी.